धर्मादादाच्या जादा फरश्या

मंडळी, बायांनो, पुढे सरका. मला ओरडायला लावू नका. बाजारात माझं तोंड थांबत नाही, आज उघडत नाही. शाळा दुसरीपर्यंत. जमेल तसं सांगते.

आपला धर्मादादा गवंडी गेला. गावकीच्या या घरात तुम्ही बसलात, ती फरशी त्याच्या हातची. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. वर्गणी आम्ही कोळणींनी जमवली होती, म्हणून फरशी किती आणायची ते मी ठरवणार.

दादाने जागा मोजली. म्हणाला, "शंभराला बारा जादा आण, बाय."

"बारा कशाला? खातोस की काय?"

"मचव्यातून उतरवताना चार फुटतील. बाकी कापण्यात जातील. भिंत तिरकी हाय."

"भिंत माझ्या सासऱ्याने बांधलीय."

"म्हणून तर हळू सांगतो."

दोरी माझ्या हातात दिली. मोजलं. या टोकाला आणि त्या टोकाला वीतभर फरक. तरी ऐकलं नाही. मोजून तेवढ्याच आणल्या. शिवाय मीच बाजारात बोलले, याला जादा फरशी स्वतःच्या घरात घालायची आहे.

मग काय? फरशी कमी पडली. पाऊस लागला, दर्यात मचवे बंद. आणि जमीन उघडी राहिली कुठे? मी भजनाला बसते त्याच कोपऱ्यात. नारळी पौर्णिमेपर्यंत ओल्या मातीवर बसले. बाया हसायच्या.

मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

म्हणाला, "व्हय."

एवढंच. मलाही हसू आलं.

पौर्णिमेनंतर मी गुपचूप जादा फरशी मागवली, त्याने लावली. पण माझं बाजारातलं बोलणं? ते गावभर फिरत राहिलं. लोक त्याला फरश्या मोजून द्यायचे, उरलेले तुकडे मोजून परत घ्यायचे. तो द्यायचा. मला एका शब्दाने बोलला नाही. माझ्याकडे मासळी घ्यायला येत राहिला, घासाघीस करत राहिला. मी चुकले, असं मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते. मी चुकले. ते खोटं होतं.

परवा त्याला उचलायला घरी गेलात ना? खाली काय होतं? शेणाने सारवलेली जमीन. फरशीचा एक तुकडा तरी होता? इतकी वर्षं आपण सगळे त्या घरात जायचो. खाली कुणी बघितलंच नाही.

मी रडणार नाही. माणूस मजेत जगला, कुणाचं काही न घेता गेला. त्याला माझा नमस्कार.

आता उठा. जरा वेळ कुणी बोलायचं नाही. सगळ्यांत आधी मी गप्प बसते.