पुराव्याचा रकाना

अनुदानाच्या खिडकीसमोरच्या बाकावर एक वायरमन नंबरची वाट बघत बसला होता. शेजारी गायनवर्गाच्या बाई अर्ज भरत होत्या. त्यांच्या पलीकडे एक काका आणि गप्प बसलेल्या काकू.

“काका, वर्गाचा उपयोग झाल्याचा पुरावा मागतायत. नाहीतर अनुदान बंद.”

“लिहा की, आजारपणात हिची वाचा गेली होती, म्हणून तुमच्या वर्गात आणली. परवा चहा तोंडाला लावला आणि चक्क चालीत म्हणाली, ‘साखर जास्त पडली!’”

“अगंबाई!”

“दोन वर्षांनी रागावली हो माझ्यावर! मी कप धरून रडत बसलो.”

“पण याला कागद कुठला जोडू?”

“तेही खरंच.”

खिडकीतून बाईंचा नंबर पुकारला. बाई आणि काका, दोघांचंही लक्ष नव्हतं.

काकूंनी काकांची बाही ओढली आणि अगदी सुरात म्हणाल्या,

“उठा आता, नंबर आला, किती बोलता तुम्ही!”