निकेनच्या सीटची हेडरेस्ट कोणी काढली

नाव पुर्वोको धर्मविजय, वय त्रेपन्न, धंदा शाळेत जुनी जावानी भाषा शिकवणे आणि रविवारच्या पुरवणीसाठी वाहनांविषयी सदर लिहिणे, राहणार कापडबाजारामागची गल्ली, सुराकर्ता, मध्य जावा. मला कोणी बोलावलेले नाही. माझी मुलगी निकेन, वय तेवीस, हिने काल रुग्णालयात दिलेल्या जबाबातले एक वाक्य खोटे आहे. ते दुरुस्त व्हावे म्हणून ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

गेल्या महिन्याच्या सतरा तारखेस, शनिवारी, राजवाड्याच्या मंडपात निकेनचा नाच होता. या नाचात नऊ जणी असतात व प्रत्येकीच्या जागेला शरीराच्या एकेका भागाचे नाव असते. निकेनची जागा 'मान' ही होती. ती मिळायला तिला सहा वर्षे लागली. मंडपात आरसे दोन व नाचणाऱ्या नऊ, म्हणून अंबाडे बाहेरून बांधून आणायचे असतात. निकेनचा अंबाडा केस बांधून देणाऱ्या बू (म्हणजे बाई) तुमिरा, वय एकाहत्तर, यांनी आपल्या घरी बांधला. आत चिरलेली सुवासिक पाने भरतात व वरून मोगऱ्याच्या कळ्यांची जाळी ओढतात. पावणेतीन तास लागले.

साडेतीन वाजता निकेन माझ्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसू लागली. अंबाडा हेडरेस्टला टेकला. बू तुमिरा दारातून ओरडल्या, "अगं अगं, माझी जाळी! पुर्वोको, ती उशी काढ आधी. माझ्या सगळ्या मुली अशाच जातात." हे खरे आहे. आमच्या गावात नाचणाऱ्यांना आणि नवऱ्यामुलींना नेणारे चालक हेडरेस्ट काढूनच येतात. मी म्हणालो, "बू, ती उशी डुलक्या काढायला नसते. मागून धक्का बसला की धड पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. ते अडवायला असते." त्या म्हणाल्या, "झालं याचं रविवारचं पान सुरू!" निकेन हसली. म्हणाली, "राहू द्या बापा, मी पुढे वाकून बसते." मी म्हणालो, "चार किलोमीटर तर जायचंय." मग मी हेडरेस्ट उपसली आणि टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवली. त्या वेळी निकेन दोन्ही हातांनी नेसण सावरून बाहेर उभी होती.

या विषयावर मी पुरवणीत चार वेळा लिहिले आहे. हेडरेस्टचा वरचा काठ माथ्याच्या पातळीला हवा. डोके आणि उशी यांत चार बोटांहून जास्त अंतर नको. पाठ सरळ ठेवावी. थांबल्यावरही मागच्या आरशात पाहत राहावे. चारही अंक आणून देण्यास तयार आहे. नातलगांच्या गाड्यांतल्या हेडरेस्टही मीच नीट करून देतो. मला लांबून येताना पाहून माझे मेहुणे म्हणतात, "माना मोजणारे आले, ताठ बसा रे!"

जबाब लिहून घेणारे अंमलदार श्री. त्रिहार्जो यांनी विचारले की एवढे ठाऊक असून काढली का. उत्तर: अंबाडा फार सुंदर बांधला होता.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी रेल्वे फाटकाच्या रांगेत थांबलो असता मागून एक पिकअप आदळला. वेग सायकलपेक्षा जास्त नसावा. माझ्या बंपरला वाटीएवढा पोचा आहे. निकेनने सीटबेल्ट लावला होता. तिचे डोके मागे गेले व पुढे आले. माझ्या सीटची हेडरेस्ट जागेवर होती. माझी मान ठीक आहे.

पिकअपचा चालक युलियांता, वय अठ्ठावीस, टोफू पोचवण्याचे काम करतो. तो धावत आला. "चुकलो साहेब, लागलं का ताईंना?" निकेन म्हणाली, "दादा, टोफूला लागलं का ते बघा आधी." मग ती उतरली, दोन्ही हात अंबाड्याकडे नेले व मला विचारले, "बापा, हलला का?" मी मागे जाऊन नीट पाहिले. एक कळीही तुटली नव्हती. मी सांगितले, "तसूभरही नाही." मी अंबाडा पाहिला. मान पाहिली नाही. आम्ही तिघांनी हात मिळवले व निघालो. पोलिसांना कळवले नाही.

निकेन सव्वा तास नाचली. मी तिसऱ्या रांगेत होतो. उत्तरार्धात तिची मान घंटेच्या मागे अर्धा ठोका राहत होती. शेजारी बसलेल्या बू तुमिरा कानात म्हणाल्या, "बघ, आज किती निगुतीनं मान वळवतेय. मुरली पोरगी." मी होकार दिला. तिची हनुवटी थरथरत होती. तो मी भक्तिभाव समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिने हाक मारली. स्वतःचे केस मुठीत धरून ती डोके उशीवरून उचलू पाहत होती. डाव्या हाताची तीन बोटे बधिर होती. ती म्हणाली, "हसू नका हं बापा. डोकं जड झालंय, जरा उचलून द्या." मी उचलून दिले.

यापुढे मी 'ग्रीवेच्या अस्थिबंधांना इजा' असे सांगितले. अंमलदारांनी ते खोडून 'मान दुखावली' असे लिहिले. म्हणाले, "सर, आमच्या रकान्यात एवढंच मावतं." हरकत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की मानेचा पट्टा निघाल्यावर रस्ता ओलांडण्यापुरती मान वळेल. खांदे स्थिर ठेवून ती बाजूला सरकवणे, जे नाचात लागते, त्याविषयी त्यांना विचारू नये. मंडपात ती जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे. तिसऱ्या वळणावर घाई करू नकोस, असा निरोप निकेनने तिला पाठवला.

रुग्णालयाने ठाण्यात कळवल्यापासून युलियांताचा परवाना बावीस दिवस येथे अडकला आहे. धक्का त्याच्याकडून बसला, हे त्यालाही मान्य आहे. तेवढेच त्याच्या नावावर लिहावे. वाटीएवढ्या पोच्याने एवढे व्हायला नको होते. झाले ते हेडरेस्ट नसल्याने.

निकेनने कालच्या जबाबात म्हटले आहे की, 'बापा आत चहा घेत असताना हेडरेस्ट मी काढली, त्यांना माहीत नव्हते.' अंमलदार म्हणाले, "सर, तिचंच राहू द्या ना. पोरगी एवढं तुमच्यासाठी म्हणतेय." उत्तर: मी त्या दिवशी तिथे चहा घेतलेला नाही. आज सकाळी मी तिला विचारले की असे का सांगितलेस. ती छताकडे बघत म्हणाली, "मग तुम्ही रविवारी काय लिहिणार, बापा?" मी म्हणालो, "ते माझं मी बघेन." ती म्हणाली, "बघा मग. मला तर मान वळवून बघताही येत नाही." तिला वाटले मी हसेन.

निकेनला खोटे बोलण्याची सवय नाही, हे तिच्या जबाबावरूनच दिसते. हेडरेस्ट सोडवायचे बटण तिने डावीकडे असल्याचे सांगितले आहे. माझ्या गाडीत ते उजवीकडे आहे. गाडी बाहेर उभी आहे, अंमलदारांनी स्वतः पाहावे. ते पाहून आले. उजवीकडेच आहे.

खोटे सांगितल्याबद्दल निकेनवर काही कारवाई होईल का, असे मी विचारले. होणार नाही, असे सांगण्यात आले. मग माझ्यावर कोणते कलम लागते, असे विचारले. हेडरेस्ट काढणाऱ्यासाठी कलम नाही, असे सांगण्यात आले. मी पुन्हा एकदा बघायची विनंती केली. त्यांनी पुस्तक उघडून बघितले. नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. मुलीच्या जबाबाशी जिथे जुळत नाही, तिथे हा धरावा.

सही: पुर्वोको धर्मविजय
समक्ष: त्रिहार्जो, ठाणे अंमलदार