दादांसाठी राखलेली खोली

दुपारी अडीच वाजता, पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या खोलीला कुलूप होतं — एवढंच झालंय, एवढंच छापा की. आता त्याला तुम्ही मीठमसाला लावणार, त्याशिवाय तुमचा पेपर खपायचा कसा — पण विश्वस्त म्हणून मला विचाराल तर कुलूप असतंच, हॉस्पिटल उघडलं त्या दिवसापासून आहे. बसा ना, उभ्याउभ्या काय लिहिता, त्या बाकावर बसा. नको? का? — हां, ती बाई गेली त्या बाकावर, म्हणून होय. बरं, राहा उभे. बाकसुद्धा आमचाच आहे, पाठीवर वाचा, वहिनींच्या आईचं नाव आहे. इमारत आमची, बाक आमचा आणि उलटतपासणीही आमचीच. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे म्हणतात ते हेच.

खोली बघायचीय? बघा की, लपवण्यासारखं काय आहे. थांबा, किल्ली — ही काय, गाडीच्या किल्लीलाच लावलेली असते. ऑफिसात ठेवली तर खोलीची धर्मशाळा व्हायला कितीसा वेळ लागतो? या. चपला बाहेर. हा पलंग, हा भिंतीतला ऑक्सिजन, हा व्हेंटिलेटर — त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, हात लावू नका. आमच्या दादांनी देणगी देताना एकच अट घातली होती, एक खोली घरच्यांसाठी. सगळं हॉस्पिटल गरिबांना, एक खोली आम्हाला, आणि त्यात तुम्हाला अन्याय दिसतो. मग काय, देणाऱ्यानं स्वतःच्याच दारात रांग लावायची?

ती बाई आमच्याच लाँड्रीतली, मी कुठं नाही म्हणतोय. उलट सांगतो तुम्हाला — या खोलीची चादर रोज बदलायचा नियम आहे, कोणी झोपलेलं असो वा नसो; सकाळी कुलूप मी स्वतः येऊन काढायचो आणि चादर बदलायची तीच बाई. स्वच्छ चादर काढायची, स्वच्छ घालायची, काढलेली धुवायला न्यायची. कामाला चोख. तोंडानं मात्र फटकळ — नर्सला विचारायची म्हणे, सिस्टर, या चादरीतलं नेमकं काय धुऊ? तर त्या दिवशी तिला दम लागला. आता वाफेत काम करणाऱ्याला दम लागायचाच, त्यात नवल काय? खाली सगळे पलंग भरलेले, सगळ्या नळ्या कोणाच्या ना कोणाच्या नाकात. नर्सनं तिला वर आणून बाकावर बसवलं — मुद्दाम, बरं का, या दारासमोर — आणि मला फोन. साहेब, किल्ली कुठाय, नाहीतर कुलूप तोडू का? आता माणसानं पुढचा विचार करायचा की नाही? आज ही, उद्या हिचा भाऊ, परवा अख्खी वस्ती. बोट दिलं की हात धरतात हे लोक, आणि फुकट ते पौष्टिक.

न विचारताच तोडायचं होतं मग. डॉक्टर होता की समोर, दोन धडधाकट हात आहेत त्याला. मला काय विचारता, त्याला विचारा — विचारलंत? मागच्या डॉक्टरचं सांगितलं त्यानं? ते वेगळं आहे. तेव्हा किल्ली ऑफिसात असायची, ती घेऊन त्यानं एका ट्रकवाल्याला परस्पर आत घेतलं, या पलंगावर, ग्रीस लागलेल्या कपड्यांनिशी. बरा झाला ना ट्रकवाला, मी कुठं म्हणतो नाही झाला, प्रश्न तो नव्हताच, प्रश्न शिस्तीचा. डॉक्टरला आम्ही काढलं नाही. घरी येऊन वहिनींची माफी माग म्हटलं, तर स्वतःच गेला.

कोणासाठी ठेवली होती म्हणजे? दादांसाठी. सत्तरी उलटली, छातीचं दुखणं, वेळ काय सांगून येते? त्याच दिवशीचं घ्या — सकाळी चहा घेता घेता कळ आली. तुम्हाला हसू येतंय, पण घरात पळापळ झाली. मीच गाडी काढली, वहिनी मागं दादांचं डोकं मांडीवर घेऊन, आणि सरळ — नाही, इथं नाही. इथं कसं आणणार? वहिनीच म्हणाल्या, भाऊजी, तिथं नको हो, तिथं सगळं धर्मादाय. मोठ्या शहरात नेलं. तिथले डॉक्टर वेगळे, यंत्रं वेगळी, खोलीत सोफा. दुपारपर्यंत दादा उठून बसले, सूप घेतलं, रिमोट मागितला. मी शेजारीच सोफ्यावर, जरा डोळा लागतोय तोच नर्सचा फोन—

काय म्हणालो म्हणजे? नेहमी म्हणतो तेच. खोली उघडायची नाही, दादांना केव्हाही लागेल.

हो, शेजारीच होते. हो, दाखल झालेले. दादांनी विचारलंसुद्धा, कोणाचा फोन रे? म्हटलं, कोणाचा नाही.

हे लिहू नका. पेन खिशात ठेवा आधी. आणि आता वाकून काय बघताय? चादर? मळलेली नाही ती, धूळ बसलीय नुसती. ती गेल्यापासून बदललेली नाही. दुसरी बाई बघायला सांगितलंय मी.

चला, बाहेर व्हा. मला कुलूप लावायचंय.