ट्रॅक्टरचा सोमवार

— नोझल बसलं न्हवं? मग झालं की काम. या, ह्या बाजंवर बसा जरा, चा टाकलाय. चालू करून बघायचं? त्ये मातर आज न्हाई जमायचं, शांतवन मिस्त्री. आज सोमवार. असं बघू नगा माज्याकडं, मला बी कळतंय ह्यो ट्रॅक्टर हाय, बैल न्हवं. पर आईचा हुकूम हाय. आमची बनुबाई — ऐंशीला टेकलीया, पर घरातली कमांडिंग ऑफिसर तीच. सोमवारी औत धरायचं न्हाई म्हंजे न्हाई. बैल हुतं तवा बैलाला सुट्टी, आता बैलाच्या जागी ह्यो आलाय तर ह्येला सुट्टी. महादेवाचा नंदी देवळाबाहीर बसून काय पाय मोजतोय व्हय, चार पाय का चार चाकं? आता म्हातारीम्होरं कोण बोलणार. मी न्हाई बोलत. सतरा वर्सं मिल्ट्रीत काढली, वरच्याचं ऐकायची सवय लागलीया.

घाई? घाई हाय की. घाई न्हाई कुणाला? हत्ती नक्षत्राचा पाऊस पडला बुधवारी, ह्या जत भागात त्यो पडला म्हंजे सोनं पडलं, शालू जवारी पेरायची त्याच्यावरच. गुरवारी चिखल. शुक्रवारी वाफसा आला, माती मुठीत धरली की लाडू, सोडली की भुगा. मी म्हणलं दस्तगीर, घाल पेरणीयंत्र. दस्तगीर म्हंजे आमचा डायवर, मुलाण्याचा. त्यो म्हणला, मालक, आज जुम्मा. बारा वाजता आंघूळ, अत्तर, टोपी — नमाजाला पाऊण तास लागतो, व्हय? त्येला जातो चार वाजेपतूर. नमाज झाली की घरला कालवण असतंय, कालवण झालं की डोळा लागतोय, डोळा लागला तर अल्ला तरी काय करील. खालचं काळं रान अर्धं पेरलं त्या दिवशी, बास. शनवारी आला तर आधी मारुतीला नारळ फोडून आला. मी म्हणलं तू मुसलमान, तुला कुठला मारुती? म्हणतो, माज्यासाठी न्हाई, ट्रॅक्टरसाठी. आन मारुतीनं काय केलं — दुपारी नोझल घालवलं.

मग दस्तगीर पळाला तसाच जतला, चौगुल्यांच्या पार्टच्या दुकानात. चौगुले जैन माणूस, दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून साडेपाचला शटर खाली. ह्यो पोचला पावणेसहाला. त्येंनी सगळं जेवण सावकाश उरकलं, हात धुतलं, चूळ भरली, मग खाली येऊन पार्ट दिला. माणूस चांगला हाय, न्हाईतर सकाळीच दिला असता. तवर तुमाला मिरजेला फोन केला एस्टीडीवरनं, तर तुमी काय म्हणला? उद्या रविवार, मी चर्चला, परवा येतो. — न्हाई, मी रागं भरत न्हाई, मिस्त्री. दोन तास पेटी-तबल्यावर गाणी म्हणायची, मग मटण खायाचं, मग झोपायचं, ह्येला मी नावं ठिवणारा कोण. पर तुमी हिशोब बघा. शुक्रवार दस्तगीरच्या देवानं खाल्ला, शनवार मारुतीनं, संध्याकाळ चौगुल्यांच्या म्हावीरानं, रविवार तुमच्या येशूनं, आन उरलेला सोमवार आमच्या महादेवानं. एरवी एकमेकाच्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हाईत, पर माजी पेरणी धरायला बरं एक झालं.

आन ही सुट्टी घेऊन माणसं करत्यात काय, मला सांगा. आमच्या शेजारचा मल्लाप्पा लिंगायत — सोमवारी बैल सोडतो, लिंगाची पूजा करतो, कपाळाला भस्माचे पट्टे वढतो, आन मग दिवसभर देवळाच्या पारावर तीनपानी. कानडीत हरतो, मराठीत शिव्या देतो. आमची आई सोमवारचा उपास धरती. उपास म्हंजे काय — साबुदाणा, भगर, रताळं, शेंगदाण्याचा लाडू, वर ताक. मी एकदा म्हणलं, आई, असला उपास मंगळवारी बी धर, घरातलं जवारीचं पोतं वाचंल. बैलाला सुट्टी असती, पर आमच्या मंडळीच्या चुलीला तवा डबल ड्युटी, एक सैपाक उपासाचा, एक बिनउपासाचा. कामाला येतो त्यो एकच रविवार, बौद्धवाड्यातल्या गुरुजींचा. सकाळी विहारात वंदना घेत्यात आन मग तिथंच पोरांना गणित शिकवत्यात दुपारपतूर. पोरं म्हणत्यात, ह्यापेक्षा शाळा बरी. आन रविवारी दुपारी पिच्चर लागला की गुरुजी, दस्तगीर, मल्लाप्पा समदी आमच्या आळीतल्या बाळासोच्या टीव्हीम्होरं मांडीला मांडी लावून. लाईट गेली की समदी मिळून बोर्डाला शिव्या घालत्यात. ह्यो एकच धर्म शिल्लक हाय बघा गावात.

मिल्ट्रीत तर लयच मज्जा. रविवारी सुट्टी, आन सुट्टी म्हंजे मंदिर परेड. कडक इस्त्री, बूट पालिश, रांगेत देवाम्होरं. हजेरी. देवाच्या दारात हजेरी, गैरहजर ऱ्हायला तर शिक्षा. पंडितजी बी नायब सुभेदार, त्येंना आधी सॅलूट मारायचा, मग देवाला नमस्कार. तवाच माजं ठरलं, ही समदी वारांची भानगड म्हंजे माणसाला रांगेत उभं करायची युक्ती. गावाकडं आलो त्ये ह्येच डोकं घिऊन आलो. —

ही आली बघा आई चा घिऊन. आई, हे मिरजेचं मिस्त्री. व्हय, बसवलं नोझल. — हां, बघू. — करतो म्हणलं न्हवं, जा तू आत. — जा की, ऊन हाय.

… ऐकलं व्हय तुमी. ऐकलं तर ऐकलं. कान तिचं गेल्यात, त्यापायी वरडून बोलती. व्हय, तीच म्हणली, यंत्राला कसला आलाय सोमवार, वरचं रान वाळाय लागलंय, चालू कर म्हणून. सकाळपास्नं चौथ्यांदा म्हणली. आता हासू नगा. चा घ्या. गार हुतोय.

बरं, हुकूम आईचा न्हाई. माजा हाय. — कसं सांगायचं आता. तुमी काय मिरजेला जाणार, गावात थोडंच सांगणार हाय. मी पेन्शनीवर आलो चौऱ्याण्णवला, तवा जोडी हुती खिल्लारची, हौश्या आन पाखऱ्या. आईनंच सांभाळलेली. असाच हत्तीचा पाऊस, असाच वाफसा, आन सोमवार. आई म्हणली, नाथा, ह्यो तिसरा सोमवार तू बैल धरतुयास. मी म्हणलं, देव काय बैलांची हजेरी घेतो व्हय? लय हासलो मी त्या दिवशी, माज्याच बोलण्याला. आन धरला. दुपारी पाखऱ्या पेरता पेरता वळीतच खाली बसला. मला वाटलं ढोंग करतोय. परेडला नवं रंगरूट पडत्यात न्हवं चक्कर आली म्हणून, तसं. मारला मी. आसूडाची काठी मोडली तवर मारला. त्येनं शिंग उगारलं न्हाई, हंबरला न्हाई, नुसता माज्याकडं बघत हुता. दिवस बुडताना गेला.

डागदर आला सरकारी, त्येनं सांगितलं पोटात तार गेलीया, वैरणीतनं, आठ-धा दिवस झालं असतील. सोमवारचा काय संबंध न्हाई म्हणला. बरोबर हाय, न्हाईच. पर मग त्येनं इचारलं, बैल आठवडाभर वैरण खात हुता का? साधी गोष्ट इचारली, मिस्त्री. आन मला सांगता आलं न्हाई. मल्लाप्पाला आलं असतं सांगता. तीनपानी खेळतो, पर सकाळी बैल धुतो, आन धुताना हात फिरतो अंगावरनं — खांदा सुजलाय का, पोट गच्च हाय का, खुरात काय रुतलंय का. सोमवारी दुसरं काय न्हाई करत माणसं. बघत्यात जनावराकडं. म्या तीन आठवडं पाखऱ्याकडं पाठीमागनंच बघितलं हुतं, हातात आसूड घिऊन. आई मला एका शब्दानं बोलली न्हाई. अजून बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. हौश्या दुसऱ्या बैलासंगं जुंपून घिईना, त्येला खरसुंडीच्या बाजारात दिला, आन ह्यो ट्रॅक्टर आणला.

न्हाई, देव पावला म्हणून न्हाई, कोपला म्हणून बी न्हाई. देवाला मी आज बी मानत न्हाई, खरं सांगतो… काय म्हणला? यंत्राला जीव नसतो? आवं, सतरा वर्सं गाड्या चालवल्यात मी, मला शिकवताय व्हय. नसतो जीव. मला नसंल का ठाऊक.

कुठं चाललाय? सीटवर नगा बसू. — सहा एकर वाळंल, व्हय, वाळंल. वरचं रान हलकं हाय, संध्याकाळपतूर ढेकळं हुतील, शालू न्हाई उगवायचा. आईला मी काय सांगायचं त्ये माजं मी बघतो. तुमी उतरा. मिस्त्री, हात जोडतो, उतरा खाली.

… बॉनेट लावू नगा, उघडंच असू द्या. फडकं हितंच ठिवा. बादली हाय माज्याकडं. तुमी जावा आता, पावणेबाराची यस्टी हाय फाट्यावर. न्हाई, मदत नगं. मी एकटाच धुतो.

जावा म्हणलं न्हवं.