शहाजिऱ्याची दारू

बाबांचा तेरावा उरकून मी देवगाव फाट्यावर बसची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"सितारामा, पोरगं स्वीडनहून आलं म्हणं. काय आणलं?"

"दारू, व्यंकटराव. शहाजिऱ्याची."

"मसालेभातात टाकायचं ते दारूत? मंग पाज की!"

"पाजतो. पण तिथली रीत हाय. पेला उचलून समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, मंग प्यायचं, पुन्यांदा बघायचं, मंगच पेला खाली ठिवायचा."

"त्यात काय अवघड?"

"नामांतराच्या दंगलीत माझं घर जळायलं हुतं, तवा तुमी आतून कडी लावून घेतली. तवापासून माझ्यासमोरून मान खाली घालूनच जायलात."

व्यंकटरावांनी नजर रस्त्याकडे वळवली.

"आदी पिऊन मंग बघितलं तर?"

"न्हाई चालत. आदी बघायचं."