मंगळावर गेलेल्या मुलाबाबत

नाव एडना थर्टल, वय ६१, काम हेरिंग मासळीला धुरी देण्याच्या कारखान्यात, राहणार ग्रेट यार्मथ, नॉरफोक. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझा एकुलता एक मुलगा क्लाइव्ह, रेडिओ इंजिनियर, दोन वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून गेला तो परतला नाही. त्याची तक्रार मीच या पोलीस ठाण्यात दिली आहे. तेव्हापासून समुद्राने कोणाला बाहेर टाकलं की ओळख पटवायला मला बोलावतात. मी जाते. तो क्लाइव्ह नसतो.

परवा संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं की, हुशार माणसं गुपचूप मंगळावर नेली जात आहेत, तिथे वस्ती होणार आहे. यानाकडे निघालेल्या रांगेत एक जण पाठमोरा होता, डावा खांदा पाडून चालत होता. नऊ महिने पोटात वाढवलेल्याची चाल मला कळणार नाही काय? चहा तसाच टाकून मी अंगणात आले. अजून उजेड होता. दोन वर्षं मी चर, खाड्या, दलदल, नुसतं खालीच बघत होते. त्या दिवशी मान वर केली. केवढं आभाळ आहे हो! माझं पोर तिथवर पोचलं, ज्याला लंडनची गाडी कधी वेळेवर सापडली नाही.

ड्यूटीवरचे सार्जंट रॉय लार्टर हे क्लाइव्हच्या वर्गातले. ते म्हणाले, "मावशी, ते सगळं थोतांड होतं. एप्रिल फूलला दाखवायचं होतं, टीव्हीवाल्यांच्या संपामुळे लांबलं. शेवटी नटांची नावं नाही का आली?"

मी म्हटलं, "बोलणाऱ्यांची आली. पाठमोऱ्याचं कुठे आलं? आणि जूनमध्ये कसलं रे एप्रिल फूल?"

"असेल कोणी पोटार्थी नट."

"मग तू चालून दाखव तसं."

त्यांनी टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं. त्यांना जमलं नाही.

तरी क्लाइव्हचा शोध थांबवावा अशी माझी विनंती आहे. सार्जंट म्हणाले, "मावशी, फाइल बंद केली तर उद्या किनाऱ्यावर कोणी सापडलं, तरी आम्ही तुला बोलावणार नाही."

मी म्हटलं, "तेच मागायला आलेय, बाळा."

त्यावर त्यांनी तसं लिहून घेतलं.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मुलाच्या नावापुढे 'बेपत्ता' असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'बाहेरगावी' असं केलं आहे. आता तो बरोबर आहे.