लांडग्याचा वाटा

मी ती सर्वेक्षणाची नोकरी का सोडली, असं सारखं विचारता ना? मग ऐका एकदाचं.

आपल्याकडचा वनखात्याचा एक माळ एका कंपनीला द्यायचा आणि बदल्यात तिची दुसरीकडची जमीन घ्यायची, असं चाललं होतं. त्याआधी पर्यावरणाचा अहवाल लागतो, म्हणून मी फॉर्म घेऊन फिरत होतो. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारणारे बिरामामा भेटले. फॉर्मात लांडग्याबद्दल एकच प्रश्न होता, तो मी वाचला.

"मामा, लांडग्यानं तुमचं कधी नुकसान केलंय?"

"न्हाय की."

"एकदाही नाही?"

"कवाच न्हाय."

मी 'नाही'वर खूण केली, मामांचा अंगठा घेतला. माळावर कधी पाऊल न टाकलेल्या साहेबांनी अहवालात लिहिलं, 'लांडग्याचा वावर नाही.' अदलाबदल मंजूर झाली.

वर्षानं गेलो, तर माळाला तारेचं कुंपण. मामा बाहेर रस्त्याकडेला मेंढरं घेऊन बसलेले.

"औंदा एक बी कोकरू गेलं न्हाय बग," ते अगदी पडेल आवाजात म्हणाले.

"म्हणजे आधी जायची?"

"व्हय की. दर साली दोन-तीन लांडगा न्यायचा."

"अहो, मग नुकसान नाही म्हणून का सांगितलंत मला?"

"त्यो त्याचा वाटा हुता, लेकरा. वाट्याला कुनी नुकसान म्हनतं व्हय?"

मग मामा तारेपलीकडं बघत म्हणाले, "लांडगा हाय का, असं इचारलं असतंस, तर त्याचं बीळ दावलं असतं की. चार पिल्लं हुती तवा."